घाट चालू आहे

१ सप्टेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. ऑफिसात कपाटामागे मागच्या वर्षीची एक कोरी डायरी सापडली. छापलेला वार चुकतो, तो रोज खोडून बरोबर लिहायचा. म्हणजे दिवसाची सुरुवात एका दुरुस्तीने होईल. मनाला ते चांगलं.

लिहायची सवय मला आहेच. रस्ते खात्याच्या माहिती टेबलावर सव्वीस वर्षं बसतो आहे. सकाळी खात्याच्या रस्त्यांवरच्या अकरा चौक्यांना फोन करायचा, कुठला रस्ता चालू, कुठला बंद ते रजिस्टरात लिहायचं, आणि दिवसभर लोकांचे फोन आले की ते वाचून दाखवायचं. स्थिती आदल्या दिवसासारखीच असेल तर 'वरीलप्रमाणे' लिहितात. गावच्या शाळेत गुरुजींनी माझं अक्षर घोटून घेतलं होतं. माझं 'वरीलप्रमाणे' हेडक्लार्क नव्या लोकांना नमुना म्हणून दाखवतात.

ही बहिणीकडे गेली आहे, डोंगरापलीकडे. हवापालट. आज एकशे तेरावा दिवस. मी मोजत नाही, कॅलेंडर समोरच टांगलेलं आहे.

डायरी हिच्या शिवणयंत्रावर ठेवून लिहितो. झाकण सपाट आहे, खिडकीतून उजेडही येतो.

संकल्प: रोज लिहायचं. रोज अर्धा तास चालायचं. चहात साखर निम्मी.

२ सप्टेंबर, मंगळवार

पाऊस. चाललो नाही. साखरेचा डबा रिकामा निघाल्यामुळे तिसरा संकल्प आपोआप पाळला गेला, उलट थोडा जास्तच.

४ सप्टेंबर, गुरुवार

काल लिहायचं राहिलं. विशेष काही घडलं नव्हतं. आजही नाही.

सकाळी डावा हात बधिर असतो. डॉक्टर म्हणाले, एकाच कुशीवर झोपता, पलंगावर मोकळं झोपा. पलंग मोठा आहे, पण मला उजव्या कडेची सवय आहे. डावीकडची उशी हलवली तर धूळ उडेल.

५ सप्टेंबर, शुक्रवार

शेजारच्या टेबलावरच्या माणसाला आम्ही 'वेधशाळा' म्हणतो. त्याचा गुडघा दुखला की पाऊस येतो. आज त्याने सहज विचारलं, वहिनी कधी येणार? मी म्हणालो, हवा मानवली की. तो म्हणाला, चार महिन्यांत माणसाला परदेशाची हवा मानवते हो. तो गुडघ्यापुरता हुशार आहे.

खरं म्हणजे वाद वगैरे काहीच झाला नव्हता. मे महिन्यात एकदा सकाळी ही म्हणाली, मी थोडे दिवस बहिणीकडे जाऊ का? मी पेपर वाचत होतो. म्हणालो, जा की. ती म्हणाली, परत कधी येऊ? मी म्हणालो, नेहमीप्रमाणे. मग तिने दोन बॅगा भरल्या. थोड्या दिवसांसाठी दुसरी बॅग कशाला, असं मनात आलं होतं, पण बायकांचं सामान जास्त असतं.

७ सप्टेंबर, रविवार

मेहुणीचा फोन. ही स्वतः मोबाइलवर बोलायला कंटाळते, म्हणून मध्ये मेहुणी. म्हणाली, भावोजी, इथल्या शाळेत शिवण शिकवायला बाई हव्या आहेत. ताईला विचारलं आहे. मुख्याध्यापिका एकवीस तारखेला रविवारी दुपारी एक वाजता घरी येणार आहेत, होकार की नकार ते ऐकायला. ताई म्हणते, तुम्हाला काही बोलायचं असेल तर त्या दिवशी बारापर्यंत या. नंतर नको.

मागून साडू ओरडले, बारा म्हणजे बाराच, सरकारी बारा नव्हे.

मग मेहुणीने हिचा निरोप सांगितला: सरळ हायवेने या.

मला काय बोलायचं असणार? पण बोलावलं आहे म्हणजे परत यायची इच्छा आहे. माणसाला नुसतं नाही म्हणायचं असेल तर तो वेळ कशाला देईल? हा मुद्दा मी दोनदा तपासून पाहिला. बरोबर आहे.

विशेष काही वाटलं नाही. संध्याकाळी यंत्राचं झाकण पुसलं.

८ सप्टेंबर, सोमवार

रात्री देवासमोर बसलो असताना सुचलं. प्रार्थनेत मी रोज तेच शब्द म्हणतो, तिथेही वरीलप्रमाणे धरून घेत असतील अशी श्रद्धा आहे. त्यामुळे मन दुसरीकडे गेलं तरी चालतं.

तर सुचलं ते असं. हिच्या माहेरच्या रस्त्याला, बहीणही तिकडेच असते, एक फाटा लागतो. डावीकडे हायवे, उजवीकडे घाट. फाट्यावर खात्याची हिरवी पाटी आहे: निसर्गदर्शन मार्ग, सात पॉइंट. लग्नानंतरच्या पहिल्याच प्रवासात ही म्हणाली होती, या रस्त्याने जाऊ या का? मी म्हणालो, पुढच्या वेळी. तेवीस वर्षं दर खेपेला ती विचारायची आणि मी हे उत्तर द्यायचो. अलीकडे फाटा आला की ती विचारायची नाही, नुसती उजवीकडच्या काचेतून बघायची. मला वाटलं, तिचा आग्रह संपला.

तर यंदा घाटाने जायचं. परत येताना ती शेजारी असेल, मी एकेक पॉइंट दाखवीन, आणि बाकी काही बोलायची गरज पडणार नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

खात्याच्या स्टोअरमधून घाटाची माहितीपत्रिका आणली. सात पॉइंटांचे रंगीत फोटो. चौथ्या पॉइंटवरून खालचं खोरं, नदीची दोन वळणं आणि पलीकडचे डोंगर 'एकाच नजरेत सामावतात' असं लिहिलं आहे. ही पत्रिका आमच्याच खात्याची, त्यामुळे विश्वासार्ह.

टाइमटेबल केलं. सकाळी साडेसहाला निघायचं. पावणेआठला फाटा. प्रत्येक पॉइंटला चार मिनिटं. सव्वाअकराला हिच्या बहिणीचं दार. पाऊण तास हातात राहतो. त्यात बोलणं होईल, त्याला तेवढा वेळ लागणारही नाही.

जातानाच घाटाने जायचं ठरवलं. रंगीत तालीम. परतताना मी गोंधळलो, पॉइंट तीनला पॉइंट चार म्हणालो, तर सगळंच फुकट जाईल.

१० सप्टेंबर, बुधवार

मुलीचा फोन. नोकरीच्या गावाहून दर बुधवारी करते. बेत सांगितला. ती म्हणाली, बाबा, आईला घाट दाखवायचा आहे ना? मग आई गाडीत असेल तेव्हा दाखवा ना. आत्ता एकट्याने कशाला जाताय? हायवेने वेळेवर पोचा, बस्स.

तिला तालमीचा मुद्दा समजावला. ती म्हणाली, आई काही परीक्षा घेणार नाहीये, बाबा. आणि घेतलीच तर घाटाची नाही घेणार.

शिकलेली मुलगी आहे, पण नियोजन हा विषय आजकाल शिकवत नाहीत.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

गाडी मिस्त्रीकडे नेली. ब्रेक ठीक, टायर ठीक म्हणावेत असे. चालवणाऱ्याच्या बाजूचा वायपर मध्येच अडतो. मिस्त्री म्हणाला, मोटर मागवावी लागेल, दहा दिवस. तोवर पावसात घाटात जाऊ नका, काका. मी म्हणालो, दुसऱ्या बाजूचा तर चालतो ना. तो म्हणाला, चालतो, पण तिकडे बसून तुम्ही गाडी चालवणार का?

मिस्त्री लोकांना बोलायची सवय असते. वायपर अडला की काचेवर आतून बोट मारलं तर पुन्हा सुटतो, हे मला माहीत आहे.

१५ सप्टेंबर, सोमवार

आठवडाभर पाऊस आणि धुकं. सकाळी चौक्यांना फोन केले. चौकी सात म्हणजे घाटमाथा. तिथला फोन लागला, पण नुसती खरखर. तिथला चौकीदार माझ्या रोजच्या बोलण्यातला. एकवीस वर्षं आवाज ऐकतो आहे, माणूस पाहिलेला नाही. तो बोलत होता पण शब्द पोचत नव्हते. सूर नेहमीचाच वाटला. शनिवारी चालू होता. लिहिलं: वरीलप्रमाणे.

१६ सप्टेंबर, मंगळवार

चौकी सात: फोन मुकाच. वरीलप्रमाणे.

चाललो. भिजलो. परतलो.

१७ सप्टेंबर, बुधवार

वेधशाळेचा गुडघा सुजला आहे. म्हणाला, अहो, रविवारी हायवेने जा. असा गुडघा माझा दहा वर्षांत एकदाच सुजला होता. मी म्हणालो, रविवारपर्यंत उतरेल. तो म्हणाला, पाऊस की गुडघा? मी म्हणालो, दोन्ही.

मुलीचा फोन. घाटाचं काही बोलली नाही. एवढंच विचारलं, बाबा, आईला काय सांगणार आहात? मी म्हणालो, सात पॉइंट आहेत. ती म्हणाली, बरं.

चौकी सात: वरीलप्रमाणे.

१८ सप्टेंबर, गुरुवार

टेबलावर कोणीतरी वहीच्या पानाची घडी ठेवून गेलं. दुधाचा वास येत होता. ट्रेमध्ये टाकली, सोमवारी बघू. सध्या टाइमटेबल महत्त्वाचं आहे. पॉइंट चारला चारऐवजी सहा मिनिटं दिली. खोरं एका नजरेत सामावत असलं तरी नजर स्थिर व्हायला वेळ लागतो. ती दोन मिनिटं पॉइंट सहामधून कापली. तिथे फक्त एक झाड आहे.

चौकी सात: वरीलप्रमाणे.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

हिच्याशी काय बोलायचं त्याची यादी करायला बसलो. एक: घाट पाहिला. दोन: साखरेचा डबा. तिसरा मुद्दा सुचेना. अर्धा तास बसलो. मनाला टोचून पाहावं तर दाढेला डॉक्टरने इंजेक्शन दिल्यासारखं. हिरडी आहे एवढंच समजतं.

देवाला काही मागितलं नाही. मागायचं काय ते नक्की सांगता आलं पाहिजे, गुरुजी म्हणत, अर्ज मोघम असू नये.

२० सप्टेंबर, शनिवार

अर्धा दिवस ऑफिस. चौकी सात: वरीलप्रमाणे.

एका बाईंचा फोन आला. आवाज घाबरलेला. उद्या घाटाने जायचं आहे, पलीकडे भाचीचं लग्न ठरवायचं आहे, रस्ता नक्की चालू आहे ना? मी रजिस्टर पाहून सांगितलं, चालू आहे. त्यांना धीर यावा म्हणून हेही म्हणालो, ताई, देवाचं नाव घ्या आणि निश्चिंत निघा. त्यांनी मला आशीर्वाद दिला. या नोकरीत असे क्षण कमी येतात.

निघताना स्वतःसाठीही एकदा रजिस्टर उघडून पाहिलं. चालू. लोक कुणाकुणाला विचारत बसतात. माझा रजिस्टरवर विश्वास आहे, अक्षर माझंच आहे.

संध्याकाळी कपडे इस्त्री केले. गाडीत हिच्या बाजूच्या सीटवर टॉवेल अंथरला, म्हणजे परतताना ओली होणार नाही. माहितीपत्रिका तिच्या समोरच्या खणात ठेवली.

२१ सप्टेंबर, रविवार

सकाळी ५.१०. उठलो. पाऊस. देवासमोर दिवा लावला. वात ओली, तिसऱ्या काडीला पेटली.

६.५२. निघालो. बावीस मिनिटं उशीर. छत्री सापडत नव्हती. ती हिने नेली आहे हे आठवायला वेळ लागला.

८.१५. फाटा. गाडी बाजूला घेऊन लिहितो आहे. डावीकडे हायवे, कोरडा नाही पण दिसतो तरी. उजवीकडे हिरवी पाटी, तिच्यामागे धुकं. एक ट्रकवाला चहा पीत उभा होता, म्हणाला, तिकडे कुठे निघालात, काका? मी म्हणालो, चालू आहे. तो म्हणाला, कोण म्हणतं? मी म्हणालो, रस्ते खातं. तो हसला आणि चहा संपवून हायवेला लागला.

तेवीस वर्षांत पहिल्यांदा गाडी उजवीकडे वळवली. छातीत काहीतरी व्हायला हवं होतं. वायपर अडला, त्याच्याकडे लक्ष गेलं.

८.५०. पॉइंट एक. चार मिनिटं थांबलो. दृश्य: पांढरं. कठड्यापर्यंत गेलो, कठडा दिसला.

९.१५. पॉइंट दोन. पांढरं. खालून पाण्याचा आवाज. पत्रिकेत इथे धबधबा आहे, म्हणजे जागा बरोबर आहे.

९.३८. पॉइंट तीन. वरीलप्रमाणे.

१०.०५. पॉइंट चार. सहा मिनिटं ठरली होती म्हणून सहा मिनिटं उभा राहिलो. पत्रिका उघडून धरली आणि फोटोवरून अंदाज घेतला: नदी इकडे असणार, डोंगर तिकडे. बोट दाखवून मोठ्याने म्हणूनही पाहिलं, ते बघ, नदीचं पहिलं वळण. आवाज धुक्यातच राहिला. शर्ट भिजला. थंडी वाजायला हवी होती, नुसती बोटं आखडली.

१०.३०. घाटमाथा. रस्त्यावर आडवा बांबू, त्याला लाल फडकं. बांबूच्या अलीकडे सात गाड्या. माझी आठवी.

(हे पुढचं सगळं घरी येऊन लिहितो आहे. तिथे हात चालत नव्हते.)

पुढे दरड कोसळली आहे. बुधवारपासून रस्ता बंद. माणसं गाड्यांतून उतरून चौकीच्या पत्र्याखाली उभी होती. एक जण मुंडासं पिळत म्हणाला, मी शुक्रवारी स्वतः रस्ते खात्यात फोन केला. म्हणाले, चालू. दुसरा म्हणाला, मलाही तेच. एक जाड गृहस्थ म्हणाले, तिथे एक ठोंब्या बसतो, आदल्या दिवशीचं वाचून दाखवतो, कधी खिडकीबाहेर तोंड काढत असेल तर शपथ. मग एक बाई पुढे आल्या. म्हणाल्या, माझ्या भाचीकडची माणसं तिकडे ताटकळत असतील. आणि तो मेला मला म्हणतो, ताई, देवाचं नाव घ्या आणि निश्चिंत निघा. देवाला तरी मध्ये आणायचं नव्हतं त्याने.

सगळे माझ्याकडे बघत होते, कारण मीच तेवढा गप्प होतो. मी म्हणालो, असल्या माणसाला घरी बसवलं पाहिजे.

पटलं सगळ्यांना. जाड गृहस्थ म्हणाले, घरी तरी कोण ठेवून घेईल त्याला.

पत्र्याच्या आत स्टोव्हपाशी एक म्हातारा चहा करत होता. त्याने मान वर केली. म्हणाला, साहेब, पुन्हा एकदा बोला. मी घसा बसल्यासारखं करून म्हणालो, काय बोलू? तो म्हणाला, काही नाही, आवाज ओळखीचा वाटला. आणि उठून पहिला चहा मला दिला.

तेव्हापासून मी घोगरा बोलायला लागलो. भाचीवाल्या ताईंनी पर्समधून खोकल्याची गोळी काढून दिली. म्हणाल्या, घशाला जपा हो, घरी कोणी बघायला आहे ना? मी मान हलवली. हो की नाही ते मलाही कळलं नाही.

मी लगेच मागे फिरायला हवं होतं, असं आता वाटतं. पण रजिस्टरात चालू होता. रजिस्टरात चालू असलेला रस्ता किती वेळ बंद राहील? अकरा वाजेपर्यंत थांबलो. मग साडेअकरापर्यंत. मोबाइलला रेंज नव्हती. लोक एकेक करून गाड्या वळवून गेले. शेवटी म्हातारा आणि मी.

तो म्हणाला, फोनची तार दरडीखाली जायच्या आधीपासूनच खराब होती. बुधवारीच दूधवाल्याबरोबर चिठ्ठी धाडली होती, साहेब. टेबलावर ठेवली म्हणाला. मी म्हणालो, ट्रेमध्ये आहे. तो म्हणाला, बरं झालं, पोचली म्हणजे. त्याला राग यायला हवा होता. मग म्हणाला, एकवीस वर्षं झाली, म्हटलं कधीतरी याल. दिवस वाईट निवडलात एवढंच.

निघताना त्याने विचारलं, एकटेच आलात? मी म्हणालो, तालीम आहे. तो म्हणाला, असू दे.

उतरताना वायपर बंदच पडला. काचेवर बोट मारून काही झालं नाही. खिडकी उघडून, मान बाहेर काढून गाडी चालवली. अर्धं तोंड बधिर झालं.

१.४०. फाटा. रेंज आली. मुलीचे नऊ मिस्ड कॉल, मेहुणीचे चार. हिला फोन लावला. पहिल्याच रिंगला तिने उचलला.

म्हणाली, अहो, कुठे आहात? बरे आहात ना? मी म्हणालो, फाट्यावर. ती म्हणाली, कुठल्या फाट्यावर? मी म्हणालो, आपल्या. घाटात गेलो होतो.

मागे पातेल्याचा आवाज येत होता, साडू काहीतरी विचारत होते. मग तिने विचारलं, एकटेच? मी म्हणालो, हो. ती म्हणाली, दिसलं का काही? मी म्हणालो, नाही, धुकं होतं.

मग म्हणाली, तेवीस वर्षं मी म्हणत होते. आणि गेलात ते मला वगळून.

रागाने म्हणाली असती तर मला उत्तर देता आलं असतं. लग्नाच्या जुन्या पत्रिकेतली तारीख वाचावी तसं म्हणाली. मी तालमीचा मुद्दा सांगायला लागलो. ती म्हणाली, राहू दे. बाई येऊन गेल्या. मी हो म्हटलं आहे.

मी म्हणालो, बरं.

ती थोडा वेळ थांबली. मीही थांबलो. मला वाटलं ती बोलते आहे आणि ऐकू येत नाही, म्हणून हॅलो म्हणालो. ती म्हणाली, ऐकते आहे. मग म्हणाली, जमलं तर माझं शिवणयंत्र पाठवून द्या. घाई नाही. आणि डोकं पुसा, भिजला असाल. घरी सावकाश जा. हायवेने.

तिच्या सीटवरचा टॉवेल कोरडा होता. त्याने डोकं पुसलं.

घरी आल्यावर लिहितो आहे. मुद्दे तपासून पाहिले. एक: डोकं पुसा म्हणाली. दोन: घाई नाही म्हणाली. तीन: यंत्र जड आहे. जड वस्तू एकदा नेली की माणूस पुन्हा पुन्हा हलवत नाही. तिसरा मुद्दा आपल्या बाजूचा की विरुद्ध, ते ठरेना.

विशेष काही वाटलं नाही. घशातली गोळी अजून विरघळलेली नाही असं वाटतं, पण ती केव्हाच संपली असणार.

२२ सप्टेंबर, सोमवार

ट्रेमधली चिठ्ठी काढली. पेन्सिलने, शाळकरी अक्षर: साहेब घाट बंद दरड मोठी कोणाला पाठवू नका. स्वल्पविरामही नाही. पण मजकूर पुरेसा होता.

रजिस्टरात बुधवारपासूनच्या चार नोंदी लाल शाईने दुरुस्त केल्या. हेडक्लार्क चष्म्यावरून बघत राहिले. म्हणाले, हे काय? मी म्हणालो, बंद होता. ते म्हणाले, तुम्हाला कसं कळलं? मी म्हणालो, जाऊन आलो. सव्वीस वर्षांत या टेबलावरून कोणी जाऊन आलेलं नाही. वेधशाळा म्हणाला, माझा गुडघा उतरला बरं का. थोड्या वेळाने त्याच्या डब्यातली अर्धी पोळी माझ्यासमोर ठेवली.

दुपारी चौकी सातचा फोन आला. तार जोडली. म्हातारा म्हणाला, साहेब, दरड काढली. घाट चालू. आणि हवा अशी लखलखीत आहे म्हणून सांगू. पॉइंट चारवरून नदीची दोन्ही वळणं दिसतात, पलीकडची गावंसुद्धा. मोजून घरं सांगू का?

मी म्हणालो, नको. शेरा लिहायच्या रकान्यात तेवढी जागा नाही.

तो म्हणाला, मग या ना एकदा. तालीम तर झाली.

मी म्हणालो, पुढच्या वेळी.

संकल्प: यापुढे 'वरीलप्रमाणे' हा शब्द लिहायचा नाही. रोज प्रत्येक चौकीला नव्याने विचारायचं. चौकीलाच नाही, सगळ्यांनाच.

२३ सप्टेंबर, मंगळवार

टेंपोवाला सकाळी आला. यंत्र दोघांनी मिळून उचललं. खाली जमिनीवर चौकोनी डाग होता, आणि तीन टाचण्या, एक निळं बटण. बटण शर्टाच्या खिशात ठेवलं. कुठल्या कपड्याचं ते विचारायचं राहिलं.

टेंपोवाला म्हणाला, काका, कुठून जाऊ? घाट उघडलाय म्हणतात. हायवेने लांब पडतं. यंत्राला दोरी आवळून बांधली होती, झाकणावर जुनी चादर. मी बराच वेळ उभा होतो. तो म्हणाला, बोला ना, काका, गाडी चालू आहे.

मी म्हणालो, घाटाने जा. चालू आहे. मी विचारलं आहे. आणि पॉइंट चारला सहा मिनिटं थांब.

तो म्हणाला, कशाला? मी म्हणालो, दोरी तपासायला.

संध्याकाळी मेहुणीचा फोन आला, यंत्र पोचलं. वाटेत हवा छान होती, असं टेंपोवाला सांगत होता म्हणे. ही शेजारीच होती बहुतेक. बोलली नाही. मीही तिला फोन दे म्हणालो नाही.

आज लिहायला टेबल नाही. डायरी गुडघ्यावर ठेवली आहे, अक्षर हलतं आहे. एकशे पस्तिसावा दिवस. चाललो नाही. साखर आणली.

बाकी वरीलप्रमाणे.